स्वररज्जूघातातील गिळण्याचा त्रास : कल्पनिवडीचा विचार

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बसलेला रुग्ण आपल्याकडे प्रायः स्वरभेदाची तक्रार घेऊन येतो. पाणी पिताना ठसका लागतो, हे तो विचारल्याखेरीज सांगत नाही. म्हणून ते आवर्जून विचारावे.

चरकाचार्यांनी वातव्याधि-चिकित्सेत (चि. २८) उदानाचे स्थान नाभी, उर व कंठ आणि वाक्प्रवृत्ती हे त्याचे कर्म सांगितले आहे. अन्न आत नेणे हे प्राणाचे कर्म. येथे दोन्ही बिघडतात. गिळताना दोन्ही स्वररज्जू एकत्र येऊन श्वासमार्ग बंद करतात; एक निश्चेष्ट झाल्यास फट उरते आणि पातळ द्रव त्यातून सर्वांत आधी फुप्फुसाकडे उतरतो.

वातव्याधी म्हणून स्नेहन, नस्य, गंडूष सुचणे स्वाभाविक आहे. बाह्य अभ्यंग व मृदू स्वेद यांस हरकत नाही. परंतु ठसका लागणाऱ्या रुग्णास तैलनस्य, गंडूष किंवा पातळ घृतपान देऊ नये. श्वासमार्गात गेलेले तेल खोकल्याचा वेग उत्पन्न न करताच आत शिरू शकते व त्यामुळे फुप्फुसशोथ होतो. काढा व आसवारिष्टे पातळ, तर कोरडे चूर्ण उडणारे. दोन्ही येथे गैरसोयीची. यष्टिमधु, बला इत्यादींचे चूर्ण मधात कालवून घट्ट लेहरूपात, थोडे थोडे, बसवून द्यावे (मधुमेही रुग्णात तारतम्य हवेच). हनुवटी छातीकडे झुकवून किंवा मान बाधित बाजूस वळवून गिळल्यास पुष्कळांना सोपे जाते. मात्र नाडीचा आघात वरच्या भागात असेल, तर घट्ट पदार्थही घशात साचतो. अशा वेळी गिळण्याची तपासणी आधी व्हावी. औषध-विक्रेत्या बंधूंनीही अशा रुग्णास काढ्याची बाटली देण्यापूर्वी वैद्यास विचारावे.

शस्त्रक्रियेचा इतिहास नसताना आवाज ३ आठवड्यांहून अधिक बसलेला असल्यास स्वरयंत्रदर्शन झाल्याशिवाय चिकित्सा आरंभू नये. डावी पुनरावर्ती नाडी महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन कंठात येते. त्यामुळे उरातील अर्बुदाचे पहिले लक्षण कंठात दिसू शकते.

नाडी केवळ दुखावलेली असल्यास ६ ते १२ महिन्यांत आपोआप सुधारणा होऊ शकते, हे लक्षात घेऊनच औषधाच्या यशाचा हिशेब मांडावा. तोवर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून गिळण्याचे व्यायाम सुरू असावेत. ठसका तीव्र असल्यास रज्जू मध्यरेषेकडे सरकविणारे इंजेक्शन लवकरही देता येते. जेवणानंतर आवाज ओलसर येणे, वारंवार ज्वर, वजन घटणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.