दोन पिकअप एकत्र वाजवले की आवाज पातळ का होतो?

प्रश्न : मी घरीच जॅझ बास पद्धतीचा बास गिटार बनवला. दोन्ही पिकअप वेगवेगळे छान वाजतात, पण दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की खर्ज गायब होतो. शिवाय सतत घूंऽऽ असा आवाज येतो. तारांना हात लावून फरक पडत नाही, जॅकच्या धातूला लावला की तो थांबतो.

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत, आणि दोन्ही तासाभरात सुटतील.

आधी घूं. तारांची अर्थिंग तुटली आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावा. बीप येणार नाही. ब्रिज उचला. खालची वायर बहुधा रंगाच्या थरावर टेकलेली असेल. तेवढा रंग कानशीने खरवडा, वायरचे धागे पंख्यासारखे पसरा आणि ब्रिज घट्ट कसा.

खर्ज जातो, कारण दोन पिकअप उलट्या फेजमध्ये आहेत. एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. कोणत्याही एकाच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मात्र त्याचं धातूचं कव्हर अर्थच्या वायरीला जोडलेलं असेल, तर आधी ती जोडणी वेगळी करा.

डाख चकचकीत हवा. राखाडी, गोळीसारखा दिसला तर पुन्हा तापवा. आणि तारांना हात लावून झिणझिण्या येत असतील, तर वाजवणं तिथेच थांबवा. अॅम्प्लिफायर आणि घरातल्या प्लगची अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा.