मान कुणाच्या हाती देऊ नकोस

मिरज

चि. ओंकार यास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. आधी पावसापाण्याचं बोलली, आणि मग म्हणाली, "वन्सं, तुम्हीच लिहा त्याला. माझं बोलणं तो हसण्यावारी नेतो." पाठोपाठ तो व्हिडिओ आला. तू सलूनमध्ये डोळे मिटून बसला आहेस, चंपी चालू आहे, आणि एकदम त्या न्हाव्याने हनुवटी धरून तुझी मान उजवीकडे मोडली. कट्ट. मग डावीकडे. कट्ट. खाली तुझी टिप्पणी : "ही रंगीत तालीम. खरा प्रयोग बँकॉकला." त्यावर घरातल्या निम्म्या लोकांनी अंगठे दाखवले. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

इतकी वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला तो आवाज गोड लागत नाही रे. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून दोन रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. मान झटक्याने पिळली की क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, तिथे गुठळी धरते, आणि ती वर सरकली तर तरण्याताठ्या माणसालाही पक्षाघात होतो. क्वचित होतं, मान्य. पण ज्याला होतं त्याला अर्धं होत नाही. आणि तुझी तर कमरेची गादी आधीच सरकलेली. एमआरआय काढला तेव्हा डॉक्टरांनी दिलेले व्यायाम किती दिवस केलेस, ते मला वहिनीकडून कळलं आहे.

वहिनी अधिक घाबरली ती कुणीतरी पाठवलेल्या बातमीने. डिसेंबर २०२४ मध्ये थायलंडच्या उदोन थानीतली एक तरुण गायिका मानेचा मसाज करून घेतल्यानंतर आजारी पडली आणि गेली. डॉक्टरांनी कारण दिलं ते रक्तातला संसर्ग आणि मेंदूची सूज. म्हणजे फॉरवर्डवाले सांगतात तितकं ते सरळ नाही, आणि तसं मी वहिनीला समजावलंही. पण समजावताना माझाच आवाज कापत होता. तेव्हा पुन्हा लिहिते : मान कुणालाही झटक्याने फिरवू द्यायची नाही, पुण्यात नाही आणि बँकॉकमध्येही नाही.

आता तुझ्या त्या "असली थाई"बद्दल. "स्पा म्हणजे पैशाचा माज, मी आपला अस्सल पारंपरिकच घेणार" असं तू वहिनीला ऐकवलंस म्हणे. अस्सल म्हणजे काय असतं, ते तरी माहीत करून घे. बँकॉकच्या वाट फो देवळात संगमरवरी पाट्यांवर माणसाच्या देहाच्या आकृत्या कोरल्या आहेत, पुढून आणि पाठीमागून. कुठल्या रेषेवर कुठे दाबायचं याच्या खुणा त्यांवर आहेत. हे काम तिसऱ्या रामा राजाच्या काळातलं, १८३० च्या दशकातलं. विद्या वैद्यांबरोबर मरू नये, कुणालाही येऊन वाचता यावी, म्हणून त्याने ती दगडात घातली. त्याच आवारात अंग ताणून बसलेल्या ऋषींच्या मूर्ती आहेत. जटा बघितल्यास की तुला आपल्याकडचेच वाटतील. या विद्येचा मूळपुरुष म्हणून थाई लोक जीवकाला मानतात. तोच, राजगीरचा, बिंबिसाराचा आणि बुद्धाचा वैद्य. आजही कितीतरी थाई मसाज करणारे कामाला हात घालण्याआधी हात जोडून त्याचं स्मरण करतात. १९५५ पासून त्या देवळाची शाळा ही विद्या शिकवते, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

एवढं सांगते ते अशासाठी, की या विद्येचा गाभा दाबणं आणि ताणणं आहे. सावकाश, श्वासाच्या लयीत. कट्ट आवाज काढणं ही त्यातली फुशारकी नव्हे. जमिनीवर गादी, अंगात त्यांनी दिलेला सैल सुती पोशाख, तेलाचा थेंब नाही. पायाच्या तळव्यापासून सुरुवात होते. अंगठा, तळहात, कोपर, गुडघा, प्रसंगी पाऊलसुद्धा वापरतात. सिंगापूरहून आपल्या नेहाने मला तिकडे नेलं होतं तेव्हा मी हे करून घेतलं. बाई माझ्या खांद्याएवढी, पण कणीक तिंबावी तसं तिने मला तिंबलं. मांड्यांमध्ये नर्सिंगची सगळी उभी ड्यूटी साठलेली होती, ती त्या दिवशी सापडली. उठले तेव्हा हलकी होते, पण दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं, हेही खरं.

शेवटी शेवटी मसाज करणारी बाई पाठीमागे बसते, तुझे हात मानेमागे गुंफायला लावते आणि कंबर पिळते. नाहीतर पाय धरून तुला धनुष्यासारखं मागे वाकवते. सरकलेल्या गादीला हे चालत नाही. आत शिरतानाच कमरेवर हात ठेवून सांगायचं, इथे दुखणं आहे, पिळायचं नाही, वाकवायचं नाही. कुणी चेष्टा करत नाही. चांगली बाई स्वतःहून विचारते. न विचारता एकदम पाठीवर चढू लागली, तर पैसे ठेव आणि ऊठ.

आणि स्पाला नावं ठेवू नकोस. हॉटेलातल्या स्पामध्ये तेल, वाफ, सुगंध, मंद दिवे. हात फिरतो तो लांब आणि हलका. दर मात्र नीट वाच. गल्लीतल्या दुकानात तासाला तीनशे बाथच्या आसपास लागतात, आणि बाथ म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये धर. हॉटेलात तोच तास दोन-तीन हजार बाथच्या पुढे जातो, वर दराशेजारी अधिकची दोन चिन्हं छापलेली असतात. त्यांचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि सात टक्के कर. बिल बघून मग तोंड वेडंवाकडं करू नकोस. पण रात्रीच्या विमानाने उतरलास, झोप नाही, डोकं जड, तर त्या दिवशी तुझ्या अंगाला कोपर नको असतं, तेलाचा हात हवा असतो. नाहीतर नुसता पायांचा मसाज. देवळं चढून-उतरून पोटऱ्या भरल्या, रात्रभर बसमध्ये अवघडलास, की खरा थाई घे, साध्या दाबाचा. आले, हळद, गवती चहा, कापूर भरलेल्या कापडी पुरचुंडीचा गरम शेक मिळतो, तो तुझ्या कमरेला नक्की मानवेल. फुकेतला उन्हात होरपळलास तर तेल नको, घासणं तर मुळीच नको. ताप असला, बिअर प्यायली असली किंवा भरपेट जेवण झालं असलं, तर दोन्ही तऱ्हांचा मसाज नको. आणि प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती कुणाला चोळू द्यायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. पारंपरिक म्हणून मोठं नाही आणि महाग म्हणून चांगलं नाही. त्या दिवशी तुझं शरीर काय मागतं ते बघायचं.

ग्रुपवर आपल्या काकांनी डोळा मारणारं चित्र टाकलं, तेही पाहिलं. बँकॉक आणि मसाज म्हटलं की आपल्याकडच्या पुरुषांना दुसरं काही सुचतच नाही. त्या धंद्याची दुकानं तिथे आहेत, आणि ती दारावरच ओळखू येतात. दराचा फलक नाही, पडदे ओढलेले, दारातून खुणावणं चाललेलं. तू पुढे चालू लाग. बाकीच्या हजारो जागी कष्टकरी बाया बसलेल्या असतात, पुष्कळ जणी ईशान्येच्या इसान भागातून आलेल्या, भातशेती आणि पोरं मागे ठेवून. भिंतीवर परवाना आणि शिक्षणाचा दाखला लावलेला असतो, तो बघ. चियांग माईत महिला तुरुंगातर्फे चालवलेलं केंद्र आहे. सुटका जवळ आलेल्या बाया तिथे मसाज करतात आणि मिळकतीतून त्यांना बाहेर पडल्यावर आधार होतो. अंध कारागिरांचीही केंद्रं आहेत. शक्य झालं तर अशा ठिकाणी जा. दिवसभर दुसऱ्याचं अंग दाबून त्या बाईचे स्वतःचे अंगठे संध्याकाळी वळत नाहीत. मी रुग्णांना उचलून उचलून ते भोगलंय. तेव्हा निघताना तिच्या हातात शंभर बाथ ठेव आणि हात जोड.

खूप रागावले ना? सवय आहे माझी, वॉर्डातली.

खरं सांगू, मला तुझा थोडा हेवाही वाटतो. आपल्या घरात अंगाला दुसऱ्याचा हात लागायचा तो आजारपणात किंवा बाळंतपणात. तुझ्या आतोबांबरोबर मी पहिल्यांदा बँकॉकला गेले, तेव्हा सगळे वाट फोमध्ये मसाजला बसले. ते मला म्हणाले, "ये गं, शेजारीच गादी आहे." मी म्हटलं, "इश्श, मला काय झालंय?" आणि बाहेर बाकावर पर्सा सांभाळत बसले. माझी कंबर तेव्हाही दुखत होती. नंतर नेहाबरोबर गेले तेव्हा शेजारची गादी रिकामी होती. असो.

आणि दादा. तुझ्या बाबांना काय म्हणायचं? अख्खा उन्हाळा माणूस जिन्यात थांबत होता, छातीवर हात ठेवत होता, आणि विचारलं की "काही नाही गं, पित्त." घरात बहीण नर्स, कोपऱ्यावर हॉस्पिटल, तरी बोलला नाही. आपल्या घराण्यातल्या पुरुषांना दुखतं म्हणायची लाज वाटते. तुझा तो व्हिडिओ मी परत परत बघितला ओंकार. मान मोडताना तुझ्या कपाळावर आठी पडली होती. दुखलं होतं तुला. आणि पुढच्या क्षणी तू हसलास, अगदी दादासारखा.

म्हणून हे पत्र. मसाज कर, दोन्ही तऱ्हांचा कर, आईलाही पुढच्या वेळी घेऊन जा. तिचे गुडघे बघवत नाहीत. फक्त एवढं पाठ कर. "जेप" म्हटलं की त्यांना कळतं दुखतंय, "बाव-बाव" म्हटलं की हात हलका होतो. मानेजवळ हात आला की मान हलवून नाही म्हण. नंतर चक्कर आली, एकाचं दोन दिसू लागलं, हात-पाय जड झाला किंवा मानेतून डोक्यात सणक गेली, तर झोपून बघू म्हणायचं नाही. १६६९ ला फोन करायचा, तो तिथल्या रुग्णवाहिकेचा क्रमांक. भाषेची अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा ११५५.

व्हिडिओही टाक, मी पहिला अंगठा दाखवीन. फक्त त्यात मान जागेवर असू दे. तू तान्हा असताना तुझी मान धरायला मी दादाला शिकवलं होतं, तेवढा हक्क माझा आहे. दुखलं तर त्यांना सांग, आईला सांग, रात्री दोन वाजता असलं तरी मला सांग. पण सांग, बाळा.

तुझी,
आत्या