सलाईनची बाटली आणि रोग्याचा श्वास

वॉर्डात रोगी आणला जातो. अंग तापलेले, नाडी धावती, रक्तदाब खाली गेलेला. अशा वेळी 'सलाईन लावली' एवढे ऐकले तरी नातेवाइकांच्या जीवात जीव येतो. आमच्या वाचकांत नर्सिंगचे व वैद्यकीचे शिक्षण घेणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी या बाटलीची एक हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती आफ्रिकेतील आहे.

प्रथम रोगाविषयी. जंतुसंसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती बेताल होते आणि स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागते, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी पाझरते, दाब उतरतो, मूत्रपिंड व मेंदू यांना रक्त पुरत नाही. मूळ संसर्ग न्युमोनियाचा असेल, बाळंतपणातला असेल किंवा साध्या जखमेचाही असू शकतो. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला व १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य रोगी गरीब व मध्यम स्थितीतील देशांचे होते.

२००१ साली अमेरिकेतील डेट्रॉईट येथे डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या सहा तासांचा कडक उपचारक्रम वापरून पाहिला. भरपूर सलाईन, दाब वाढवणारी औषधे, रक्त आणि सतत देखरेख. रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आले. जगभर या पद्धतीचा बोलबाला झाला. (पुढे २०१४-१५ मध्ये श्रीमंत देशांतच झालेल्या मोठ्या चाचण्यांत नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही, ही गोष्ट वेगळी.)

मग प्रश्न आला, जेथे कृत्रिम श्वासाचे यंत्र मिळणे मुश्कील, तेथे हे चालेल काय? युगांडा, केनिया व टांझानिया येथे तीव्र तापाने अत्यवस्थ झालेल्या ३,१४१ मुलांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. सलाईन किंवा अल्ब्युमिन झपाट्याने दिलेल्या मुलांपैकी साडेदहा टक्क्यांच्या आसपास ४८ तासांत दगावली. तसे न दिलेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के होते. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जुलाबाने शरीरातील पाणी गेलेली मुले या चाचणीत नव्हती. त्यांना पाणी द्यावेच लागते.

मोठ्या माणसांचे उत्तर झांबियाची राजधानी लुसाका येथील विद्यापीठ शिक्षण रुग्णालयातून आले. तेथील आधीची एक चाचणी लवकर थांबवावी लागली होती, कारण मुळात श्वासाचा फार त्रास असलेल्या रोग्यांना जास्त सलाईन घातक ठरते अशी शंका आली. म्हणून २०१२-१३ मध्ये झालेल्या दुसऱ्या चाचणीत असे रोगी वगळले. २०९ रोग्यांचे निष्कर्ष मिळाले. सरासरी वय सदतीसच्या आतले, म्हणजे घरातली कमावती माणसे. आणि दहापैकी जवळजवळ नऊ जण एचआयव्हीबाधित. एका गटाला ठरवून दिलेल्या क्रमाने पहिल्या सहा तासांत साधारण साडेतीन लिटर पाणी गेले, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे दोन लिटर. पहिल्या गटातील ४८.१ टक्के रोगी रुग्णालयातच मरण पावले, दुसऱ्यातील ३३ टक्के. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना.

असे का झाले याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. पाझरणाऱ्या रक्तवाहिन्यांतून जादा पाणी फुप्फुसात उतरले तर डेट्रॉईटमध्ये यंत्र लावता येते. जेथे यंत्र नाही तेथे रोगी गुदमरतो. पंडुरोग, कुपोषण, क्षय यांनी शरीर आधीच खचलेले असते, हेही कारण असू शकेल. यावरून सलाईन वाईट असे कोणी समजू नये. पण एका ठिकाणी गुणकारी ठरलेला उपचार दुसरीकडे पारखून न घेता लावणे, यात गरिबाचाच जीव जातो, असे आमचे मत आहे.

आता खाटेजवळचे काम. श्वास मिनिटाला २२ किंवा अधिक, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि भान बिघडलेले (रोगी बरळतो, झोपेतच राहतो). संसर्गाचा संशय असून या तिन्हींपैकी दोन खुणा दिसल्या की धोका मोठा. मात्र दोन दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून सोडावे. तीन सेकंदांत लाली परतली नाही तर रक्ताभिसरण मंदावले आहे. लघवी किती झाली ते मोजून लिहावे.

दाब कोसळला असेल तर योग्य प्रतिजैविक तासाभरात जायला हवे. तपासणीचे रक्त आधी घ्यावे, पण त्यासाठी औषध अडवू नये. कोठे पू साठला असेल तर निचरा झाल्यावाचून औषधाने भागत नाही. प्राणवायू कमी असेल तर तो द्यावा. एचआयव्हीबाधित रोग्यात क्षयाचा विचार पहिल्याच दिवशी करावा. जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत रोगी थांबत नाही.

आणि श्वास मोजावा. हे सर्वांत सोपे व सर्वांत दुर्लक्षित काम. तक्त्यावर खाटेमागून खाटेला श्वास '२०' लिहिलेला दिसतो. एका परिचारिकेकडे पन्नास रोगी असल्यावर दोष तिला एकटीला कसा द्यावा? तरीही सलाईन चालू असलेल्या रोग्याचा तरी सेकंदकाट्याच्या घड्याळावर पूर्ण मिनिटभर श्वास मोजावा, आणि दर थोड्या बाटलीनंतर पुन्हा मोजावा. २४ चा ३२ झाला, फुप्फुसात बुडबुड ऐकू आली, मानेची शीर फुगली, तर बाटलीचा चिमटा बंद करावा, रोग्याला उशीला टेकवून बसते करावे व डॉक्टरांना हाक मारावी.