मधुचंद्रातला चंद्र कुठला?

प्रश्न : भाचीचं लग्न झालं आणि ती जावयांसोबत चिखलदऱ्याला मधुचंद्राला निघाली. आमची आई म्हणाली, 'मध कोणता अन् चंद्र कोणता?' पाहुण्यांपैकी एकानं सांगितलं, पूर्वी युरोपात नवरा-नवरीला महिनाभर मधाची दारू पाजत, त्यावरून हा शब्द आला. खरं का?
– एक वाचक, सानगडी (ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : मोहफुलांच्या मुलखात ही दारूची गोष्ट लगेच पटणार! पण तिला जुना पुरावा नाही. 'मधुचंद्र' हे इंग्रजी 'हनीमून'चं सरळ भाषांतर आहे, आणि हनीमून हा मुळात टोमणा होता. १५४६ साली जॉन हेवूड यांच्या म्हणींच्या पुस्तकात तो छापलेला सापडतो. १५५२ मध्ये रिचर्ड ह्युलोएट यांनी कोशात त्याचा अर्थ दिला, त्याचा आशय असा : नवं जोडपं सुरुवातीला एकमेकांवर भारी जीव टाकतं, पुढे तो भर ओसरतो, त्या सुरुवातीच्या दिवसांना लोक हनीमून म्हणतात. मध म्हणजे गोडी, आणि चंद्र तो पौर्णिमेनंतर कलेकलेनं झिजणारा. सहलीचा यात संबंधच नव्हता. तो अर्थ बऱ्याच उशिरा चिकटला.

मराठीत येताना मात्र गंमत झाली. 'मून' हा आपल्या 'मास'चा नातलग. नातं पाळायचं तर 'मधुमास' म्हणायला हवं होतं, पण ते नाव चैत्रानं कधीच घेऊन ठेवलेलं. आणि 'मधु'चा इंग्रजीतला सख्खा भाऊ 'हनी' नाही, 'मीड' आहे; मीड म्हणजे तीच मधाची दारू. मूळ शब्दात नसलेली दारू भाषांतरात अशी मागच्या दारानं शिरली!

आपल्या लग्नात मध पूर्वीपासून आहेच, नवरदेवाला देतात त्या मधुपर्कात. पुढचं मात्र वेगळं. गृह्यसूत्रं लग्नानंतर निदान तीन रात्री ब्रह्मचर्य पाळायला सांगतात; चिखलदऱ्याचं बुकिंग त्यांना काही मानवलं नसतं. तरी शब्द रुजला. १९६७ साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटाचं नाव 'मधुचंद्र' होतं. टोमण्याचा मूळ अर्थ मला आज लग्नपत्रिकांपेक्षा वर्तमानपत्रांत जास्त दिसतो : 'नव्या सरकारचा मधुचंद्र संपला' असा मथळा देणारा उपसंपादक नकळत ह्युलोएट यांचाच कोश चालवत असतो.

तुमच्या आईंची शंका मात्र चोख आहे. रानातल्या मधाचं आणि चंद्राचं फारसं जमत नाही. आग्या मोहोळाच्या माश्या चांदण्यातही उडतात, म्हणून ते मोहोळ काढणारे बऱ्याच ठिकाणी अंधारी रात्र गाठतात.