जीटीची चावी हातात घेण्याआधी

"लाल रंग, २०१४ची, एकच मालक, ६५ हजार किलोमीटर. मामा, याहून चांगली मिळणार नाही!" भाचीने फोन पुढे केला. फोटोत फोक्सवागनची पोलो जीटी टीएसआय उभी होती. नुकतंच पॉलिश मारलेलं, टायरही काळेभोर चकचकीत. मोटार-विम्याचे सर्व्हेअर म्हणून अपघातात चेपलेल्या आणि पुरात बुडालेल्या गाड्या तपासण्यात मामांची सगळी नोकरी गेली. त्यांनी फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, "तुझं ऑफिस अजून हिंजवडीलाच आहे ना?"

"हो, फेज टू. पण त्याचा इथे काय संबंध?"

"सगळा संबंध त्याचाच आहे."

रविवारी पहाटे ताम्हिणीला चक्कर मारायला घेतलेली गाडी वेगळी आणि सोमवार ते शुक्रवार सिंहगड रोडवरून हिंजवडी गाठायला घेतलेली गाडी वेगळी. पहिली महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिली तरी चालतं. दुसरी एक दिवस बंद पडली तरी रजा टाकावी लागते. भाचीला दोन्ही एकाच गाडीत हवं होतं. यात चुकीचं काही नाही, फक्त तपासणी दुप्पट कडक हवी.

"आधी मला सांग, गाडी मुळात चांगली आहे की नाही?" भाची म्हणाली.

"चांगली आहे, नक्कीच." मामांचा आवाज खुलला. पोलो चाकणला बनायची. तो कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०१०मध्ये पोलो बाजारात आली. साध्या पेट्रोल पोलोला तीन सिलिंडरचं, ७५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. एप्रिल २०१३मध्ये जीटी टीएसआय आली, शोरूम किंमत आठ लाखांच्या आतबाहेर. आकार तोच, पण आत १,१९७ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. "आकडे आज फार मोठे वाटणार नाहीत. पण हा टॉर्क दीड हजार आरपीएमलाच पूर्ण मिळतो. त्यामुळे मागे पाच माणसं बसल्यासारखी गाडी कधी कुंथत नाही. ओव्हरटेक करताना पाय दाबला की गाडी लगेच निघते."

"आणि सुरक्षित?"

"जानेवारी २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे निकाल आले. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. जीटीला दोन एअरबॅग होत्या, एबीएस आणि ईएसपीही होतं. तेव्हाच्या छोट्या गाड्यांत ईएसपी सहसा सापडत नसे. सुटे भागही मिळतात, कारण व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड याच घरातल्या. पोलो इथे २०२२मध्ये बंद झाली, तरी रस्त्यावर भरपूर आहेत."

भाचीने लगेच दुसरे पर्याय काढले: फियाटची पुंटो अबार्थ, स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आरएस. मामांनी दोन्हींचं कौतुक केलं आणि दोन्ही बाजूला ठेवल्या. अबार्थ रांजणगावची, १४५ अश्वशक्तीची, चालवायला बहारदार. पण फियाटने २०१९च्या सुमारास भारतात गाड्या विकणं थांबवलं, त्यामुळे एखादा सेन्सर गेला की शोधाशोध. ऑक्टाव्हिया आरएस शेंद्र्याच्या कारखान्यातून आलेली, १.८ लिटर टर्बोची, पण आता वीस वर्षांच्या घरातली. "ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे त्याने घ्यावी. तुझ्याकडे एकच असणार."

मग मामा मुद्द्यावर आले. जीटी टीएसआयचा गिअरबॉक्स.

"ही ऑटोमॅटिक आहे, पण नेहमीची नव्हे. डीएसजी, सात गिअर, दोन क्लच. एक, तीन, पाच, सात हे गिअर एका क्लचवर. दोन, चार, सहा आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. तू पहिल्या गिअरमध्ये असतेस तेव्हा दुसरा आधीच पडून तयार असतो. खो-खोत बसलेला गडी खो मिळताच उठतो, तसा तो क्षणात कामाला लागतो. म्हणून गिअर बदलल्याचं कळतही नाही."

"मग अडचण कुठे?"

"अडचण अशी की हे दोन्ही क्लच कोरडे आहेत. मोठ्या गाड्यांतल्या सहा गिअरच्या डीएसजीत क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता काढून घेतं. इथे ती सोय नाही. वाकडच्या पुलाखाली गाडी दोन फूट सरकते, थांबते, पुन्हा दोन फूट सरकते. प्रत्येक वेळी क्लच अर्धवट लागतो, घासतो, तापतो. एक्स्प्रेस वेवर लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा क्लच ठणठणीत असू शकतो आणि हिंजवडीत चाळीस हजार चाललेल्या गाडीचा संपलेला. म्हणून मी ऑफिस विचारलं. तुझं आणि आधीच्या मालकाचंही विचारायला हवं."

किलोमीटरचा आकडा वाचून किंमत ठरवायची सवय आपल्या बाजारात घट्ट रुजली आहे. या गाडीच्या बाबतीत तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, हे प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असायला हवं.

क्लचशिवाय दुसरी नाजूक जागा म्हणजे मेकाट्रॉनिक. गिअर आणि क्लच हलवणारं हायड्रॉलिक्स आणि त्याला हुकूम देणारा संगणक, दोन्ही एकाच पेटीत. याच सात गिअरच्या डीएसजीमुळे २०१३च्या मार्चमध्ये कंपनीला चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक गिअर तेल काढून मिनरल तेल भरायचा निर्णय झाला. उष्ण, दमट हवेत आणि सतत थांबत-चालत वाहतुकीत सिंथेटिक तेलामुळे विजेचा पुरवठा बिघडू शकतो, असं कारण दिलं गेलं. उष्ण, दमट, थांबत-चालत: वर्णन आपल्याच शहरांचं वाटावं असं.

"म्हणजे घ्यायचीच नाही?" भाचीचा चेहरा उतरला.

"असं कुठे म्हटलं? क्लच बदलल्याचं बिल असेल, तर हीच गाडी उत्तम. बिल नसेल, तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करायचा. क्लच आणि मेकाट्रॉनिक दोन्ही गेले, तर खर्च लाखाच्या वर जातो. चल, गाडी बघू. पण सकाळी मोकळ्या रस्त्यावर नाही, संध्याकाळी साडेसहाला. आणि मालकाला सांग, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका."

मालक सभ्य गृहस्थ होते. मामांनी पोहोचताच बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात ते पाच मिनिटांत विरून जातात, म्हणून विकणारे बरेचदा गाडी आधीच तापवून ठेवतात. इथे इंजिन एका झटक्यात सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही. कूलंटच्या टाकीत गुलाबी द्रव होता, नळाचं पाणी नव्हतं. टर्बोला उष्णता फार. एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारी ती चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि इंजिनच्याच तेलावर जगते. तेल वेळेवर बदललं नाही तर पहिला बळी तिचा. मामांनी सर्व्हिसची फाइल मागितली आणि एक-एक बिल तारीख लावून वाचलं.

मग त्यांनी जे केलं ते भाचीने कधी पाहिलं नव्हतं. पुढचा सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी जो भाग कायम खांबाच्या आत गुंडाळलेला असतो, त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर बोट फिरवलं, वास घेतला.

"हे काय?"

"पुरात बुडालेली गाडी धुतात, सीट बदलतात, सुगंध मारतात. पण आत गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. पाण्याची तपकिरी रेघ तिथे राहते. २०१९चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, २०२१चा चिपळूणचा. तिथल्या गाड्या काही तिथेच राहिल्या नाहीत." त्यांनी सीटखालच्या लोखंडी पट्ट्या टॉर्चने पाहिल्या, डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा पाहिला. गंज नव्हता. टायरवर मात्र '२३१६' असा आकडा होता, म्हणजे २०१६च्या तेविसाव्या आठवड्यातले टायर. नक्षी शिल्लक होती, पण रबर वयाने कडक झालेलं. चार टायरचा खर्च भाचीने फोनमध्ये लिहून घेतला.

गाडी रस्त्यावर काढली. गर्दीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना खालून बारीक थरथर जाणवली. मामांनी चढावर गाडी रिव्हर्समध्ये घ्यायला सांगितली, तेव्हा थरथर स्पष्ट झाली. डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकलं नाही, गिअर गायब झाले नाहीत, म्हणजे मेकाट्रॉनिक बहुधा बरं होतं. पण क्लच शेवटाकडे आला होता. फाइलमध्ये तो बदलल्याचं बिल नव्हतं.

परतताना भाची गप्प होती. मग म्हणाली, "दिल्लीची एक दिसली होती. अशीच, पण बरीच स्वस्त."

"स्वस्त का असते ते बघ. दिल्लीत १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवू नये, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतर तिथल्या जुन्या गाड्यांचे भाव पडले आणि त्या इकडे यायला लागल्या. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं जोडलं की स्वस्ताई उरत नाही. शिवाय गाडीने कुठल्या गर्दीत दिवस काढले, ते कळायला मार्ग नाही."

"आणि ही २०१४ची? हिचं आयुष्य किती?"

"खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, म्हणजे २०२९पर्यंत. मग फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून पाच हजार झाली. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते, तीही बसलेली आहे का बघ."

विम्याचा विषय निघाला तेव्हा मामांचा स्वर बदलला. या विषयावर त्यांनी लोकांना काउंटरवर रडताना पाहिलं आहे. दहा वर्षांवरच्या गाडीच्या दाव्यात धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर तर गाडी नवी असली तरी ५० टक्के कापतात. पोलोचा बंपर प्लास्टिकचा, म्हणजे निम्मे पैसे आपल्याच खिशातून. झीरो डेप्रिसिएशनची जोड इतक्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत. "आणि विकणारा म्हणेल, माझा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळेल. मिळत नाही. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विमा तुझ्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांच्या आत अर्ज कर, नाहीतर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकेल."

"एकाने सांगितलं, इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून रिमॅप करून घे, अजून पळेल."

"त्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. रिमॅपने टॉर्क त्या रेषेकडे सरकतो, तोही आधीच थकलेल्या क्लचवर. आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी बाहेर येतो. मी स्वतः असे दावे नाकारले जाताना पाहिलेत."

पेट्रोलबद्दलही भाचीने विचारलं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यासाठी तयार केलेल्या गाड्या एप्रिल २०२३पासून सक्तीने यायला लागल्या. २०१४ची गाडी त्या आधीची. मायलेज थोडं कमी होईल हे धरून चालायचं, इंधनाच्या नळ्या आणि रबरी सील दर सर्व्हिसला बघायला सांगायचं, असं मामांचं मत.

शेवटी निकाल त्यांनी स्वच्छ दिला. रोजची हिंजवडी असेल आणि मन जीटीवरच असेल, तर क्लच बदलल्याचं बिल असलेलीच घे. मिळत नसेल तर थोडे पैसे वाढवून २०२० ते २०२२मधली १ लिटर टीएसआय पोलो बघ. तीन सिलिंडर, ११० अश्वशक्ती, टॉर्क तोच १७५, आणि डीएसजीऐवजी साधा सहा गिअरचा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक. गर्दीत तो गिअरबॉक्स निर्धास्त. भाचीने लाल जीटीच्या मालकांना वर्कशॉपचं क्लचचं अंदाजपत्रक आणि टायरचा खर्च पाठवला, तेवढी रक्कम वजा करून किंमत कळवली आणि उत्तराची वाट न पाहता दुसऱ्या गाड्याही बघायला लागली.

कागदांचं एक मात्र दोघांनाही लागू आहे, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही. गाडी हातोहात पुढे विकली गेली, पण आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं, आणि अपघात झाला. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच टाकली. तेव्हा फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून काम झालं असं समजू नका. घेणाऱ्याला नाव बदलण्यासाठी कायद्याने ३० दिवस मिळतात. परिवहनच्या पोर्टलवर नवं नाव चढलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि विकणारे असाल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.