पोळी एवढ्यात बंद करू नकोस

अगं, 'सोमवारपासून पिंट्याचा गहू बंदच करते, बघू फरक पडतो का' म्हणालीस ना फोनवर, तेवढं करू नकोस. रक्त तपासून होईपर्यंत तरी नको. पोट फुगलेलं, वजन वाढत नाही, लोहाचं औषध चालू असून हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, म्हणजे डॉक्टरांना सीलिॲकची शंका आली ते बरंच झालं. सासूबाई जंतांचं औषध द्यायला सांगतील. देऊ देत, पण तपासणी टाळू नकोस.

ह्या आजारात गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं आणि त्याच्या अँटिबॉडीज रक्तात सापडतात. गहू थांबवलास की त्या हळूहळू ओसरतात. मग रिपोर्ट चांगला येतो, आजार मात्र तसाच. पुढे खात्री करायची म्हटलं तर बरं वाटायला लागलेल्या पोराला पुन्हा कित्येक आठवडे मुद्दाम पोळी खायला घालावी लागते. कोणत्या आईला ते जमेल?

चिठ्ठीवर 'टीटीजी आयजीए' असेल, ती ह्याच अँटिबॉडीजची तपासणी. शेजारी 'टोटल आयजीए' लिहिलंय का बघ, नसेल तर विचार. सीलिॲक असलेल्या शंभरातल्या दोघा-तिघांच्या अंगात आयजीए प्रकारच्या अँटिबॉडीजच नीट तयार होत नाहीत, त्यांचा टीटीजी फसवा नॉर्मल येतो. मग आयजीजीची तपासणी करावी लागते. उपाशी न्यायची गरज नाही, पोराला खाऊ घालूनच ने.

आकडा आला की मैत्रिणीच्या मुलाच्या आकड्याशी ताडून बघत बसू नकोस. प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते, आपला आकडा त्या मर्यादेच्या किती पट आहे ते बघायचं. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी 2012 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये सांगितलंय, की टीटीजी दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीतून बायोप्सी न करताही निदान करता येतं. आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर तरीही बायोप्सी करून घेतात. मला विचारशील तर त्यात वावगं काही नाही. आयुष्यभराचं पथ्य आहे, पक्कं कळलेलं बरं. आकडा थोडाच वाढलेला असेल तर बायोप्सी लागतेच. जनुकांची, म्हणजे एचएलएची तपासणी कोणी आधीच गळ्यात मारली तर मात्र दोन प्रश्न विचार. ती नकारात्मक आली तर सीलिॲक जवळपास नाहीच, पण सकारात्मक तर कितीतरी धडधाकट माणसांचीही येते.

निदान ठरलंच, तर धाकटीचं आणि तुम्हा दोघांचंही रक्त तपासून घ्या, लक्षणं नसली तरी. पथ्याला भाकरी, भात, नाचणी आपल्या घरात आहेच. फक्त ज्वारीचं दळण गिरणीत गव्हावर दळून आणू नकोस. आणि हिंगाची डबी उलटी करून वाच, त्यातही पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं.