उन्हाळ्याची सुट्टी, परसातली कामे आणि विंचू

परीक्षा आटोपल्या. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे दीड-दोन महिने मुले घरात. पूर्वी मामाचे गाव हक्काचे होते. आता मामाही नोकरीनिमित्त पुण्याला, दोन खोल्यांच्या जागेत राहतो. त्यामुळे बरीच तरुण कुटुंबे सुट्टी घरीच काढतात आणि वर्षभर राहून गेलेली कामे या दिवसांत काढली जातात. परसातला विटांचा ढीग हलवायचा, कुंपण नीट करायचे, पावसाळ्यापूर्वी दोडके-कारल्याची आळी करायची, भिंतींना चुना द्यायचा, कूलर उतरवून धुवायचा. मुलांना यात मोठी गोडी वाटते आणि ती वाटावी. टी.व्ही. आणि मोबाईलपुढे बसलेल्या मुलापेक्षा मातीत हात घातलेले मूल मला कधीही बरे वाटते. दवाखान्यात येणाऱ्या पालकांना मी हेच सांगत असतो.

परंतु 'मातीत हात' आणि 'ढिगात हात' यांत फरक आहे. आजचा लेख मुख्यतः त्या फरकाविषयी आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. सकाळी नऊच्या सुमारास एक तरुण जोडपे सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. घर बांधून उरलेल्या विटा आणि जुनी कवेलू परसात रचून ठेवलेली होती. तिथे भाजीचा वाफा करायचा म्हणून बापलेक विटा हलवत होते. मुलाने दोन विटांच्या फटीत बोटे घातली आणि ओरडून हात मागे घेतला. वडिलांनी विंचू पाहिला, मारला आणि बोटाला तंबाखू लावली. मूल थोडा वेळ रडले व गप्प झाले. वडिलांना हायसे वाटले. आईला मात्र राहवेना. ती मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दुखतं म्हणत नाही फारसं, पण त्याचा सदरा पाहा." सदरा पिळून काढावा इतका ओला होता. मुलाला दोनदा उलटी झाली होती. तोंडातून लाळ गळत होती आणि बाहेर एवढे ऊन असताना हातपाय बर्फासारखे गार पडले होते.

त्या आईने त्या दिवशी जे पाहिले ते प्रत्येक आईला ठाऊक असावे, म्हणून हा लेख लिहीत आहे. विंचू चावल्यावर (खरे तर तो चावत नाही, नांगी मारतो) खूप दुखणे ही घाबरण्याची गोष्ट नाही. नुसतेच दुखत असेल, मूल हातपाय झाडून रडत असेल, पण अंग कोरडे आणि हातपाय उबदार असतील तर बहुधा विष अंगभर भिनलेले नसते. खरी भीती दुखणे कमी असून घाम, उलट्या, लाळ आणि गार हातपाय ही लक्षणे दिसतात तेव्हा असते. मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणे हेही एक लक्षण आहे. संकोचापोटी घरचे लोक ते सांगत नाहीत. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.

आपल्याकडे मुख्यतः दोन तऱ्हेचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, जाड नांग्यांचा, म्हणजे पुढचे चिमटे जाड असलेला. तो पाहून माणूस दचकतो. त्याचा डंख दुखतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. दुसरा लहान, तांबूस-तपकिरी, चिमटे बारीक आणि शेपटी मात्र जाड. हाच लाल विंचू. दिसायला किरकोळ, पण विषाच्या बाबतीत जगातल्या घातक विंचवांत त्याची गणना होते. दिवसा तो विटा, दगड, कवेलू, पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग, सुटलेली साल, भिंतीच्या भेगा अशा ठिकाणी दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. उन्हाळ्यात व पहिल्या पावसात त्याचा वावर वाढतो. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण फिरत्या नोकरीच्या माणसाला लावतो, पण मादी खरोखरच आपली पांढुरकी पिल्ले पाठीवर घेऊन फिरते. म्हणून ढिगात एक विंचू निघाला तर तो एकटाच होता असे समजू नये.

त्याचे विष रक्त नासवत नाही. ते मज्जातंतूंना असे चेतवते की शरीरातील अ‍ॅड्रेनॅलीनसारख्या द्रव्यांचा एकदम पूर येतो. सर्व रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला जणू बंद दारावर धडका माराव्या लागतात. काही तासांत हृदय थकते, फुफ्फुसांत पाणी साठते, दम लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. विषाची मात्रा तीच, पण मोठ्या माणसाचे वजन साठ किलो आणि मुलाचे अठरा. लहान मुलेच अधिक का दगावतात हे यावरून लक्षात येईल.

या विषावरचा उपाय जगाला दाखवून दिला तो आपल्या शेजारच्या माणसाने, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की भोकरदन तालुका लागतो. १९७६ साली ते कोकणात, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, नाडी, घाम, रक्तदाब यांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि १९८२ साली त्या 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आल्या. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. आकसलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते आणि हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण शंभरात एकाच्या घरात आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुठलेही मोठे यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, एक तालुक्याचा डॉक्टर आणि त्याची वही. आम्हा तालुक्याच्या डॉक्टरांना याचे अप्रूप वाटते, वाचकांनी क्षमा करावी.

आता एक गमतीची, पण अडचणीची बाब. आपल्या लोकांचा सुईवर फार विश्वास. 'डॉक्टरने नुसती गोळी दिली' अशी तक्रार घेऊन मंडळी दुसऱ्या दवाखान्यात जातात. विंचूदंशात जीव वाचवणारी ती छोटीशी गोळीच आहे. मुलाच्या वजनाप्रमाणे तिचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे, ठरावीक तासांनी ती पुन्हा द्यायची आणि मूल निजवून ठेवायचे. गोळीने रक्तदाब उतरतो, त्यामुळे एकदम उभे केले तर भोवळ येते. विंचवाच्या विषावरची लसही आपल्याकडे तयार होते. ती आणि प्राझोसिन दोन्ही दिल्यास गंभीर रुग्ण लवकर सावरतात, असे डॉ. बावस्करांच्याच २०११ सालच्या अभ्यासात दिसले. सर्वच रुग्णांना ती लागत नाही. ही गोळी घरी ठेवून आपल्या मनाने मात्र देऊ नये.

विंचू उतरवणाऱ्याकडे नेऊ नका असे मी सांगतो तेव्हा काही वडीलधारे रागावतात. म्हणतात, 'आम्ही डोळ्यांनी उतरलेला पाहिला आहे.' खरे आहे, त्यांनी पाहिला असेल. बहुतेक दंशांत विष भिनत नाही आणि वेदना काही तासांनी आपोआप कमी होते. त्याचे श्रेय मंत्राला मिळते. ज्या मुलाच्या अंगात विष भिनले आहे त्याचे मोलाचे दोन तास मात्र त्या ओट्यावर निघून जातात. तीच गोष्ट दोरी आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे, रॉकेल ओतणे, निखाऱ्याने डागणे यांची. जखमेत धनुर्वात आणि पू यांची भर, बाकी काही नाही. जागा साबण-पाण्याने धुवावी, फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा, हात हलवू नये आणि दवाखाना गाठावा. मूल असेल तर लक्षणे नसली तरी गाठावा आणि डॉक्टर सांगतील तितका वेळ तिथे थांबावे. कशाने दंश केला हे पाहिलेच नसेल तर साप समजूनच रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या. आणि हे ऐन वेळी विचारण्यापेक्षा आजच विचारून ठेवा: आपल्या आरोग्य केंद्रात, आपल्या डॉक्टरांकडे प्राझोसिन आहे का? सर्पदंशाची लस कुठे मिळेल? रात्री कोण असते?

तो सात वर्षांचा मुलगा वेळेत आला होता. गोळी देऊन त्याला त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठून बसला आणि त्याने आइस्क्रीम मागितले. उरलेला ढीग पुढच्या रविवारी वडिलांनी हलवला, यावेळी फावड्याने, आणि त्यात आणखी तीन विंचू निघाले.

ढीग हलवण्याची रीत साधी आहे. आधी काठीने अगर फावड्याने वरचा थर पाडावा, मग हात लावावा. वीट उचलताना बोटे खाली न घालता कडेने धरावी. हातात जाड मोजे, पायात बूट. बूट घालण्यापूर्वी मात्र ते आपटून घ्यावेत, कारण विंचवाला तीही जागा आवडते. ढीग मोठ्यांनी हलवावा. मुलांनी लांब उभे राहून सुट्या केलेल्या, पाहिलेल्या विटा वाहाव्यात. अंगणात निजणाऱ्यांनी खाट भिंतीपासून दूर ठेवावी. नोटा तपासण्याचा जो लहान जांभळा दिवा मिळतो, त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. रात्री परसात फेरी मारायला तो बरा, मुलांनाही मौज वाटते.

आता कूलर. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद भागात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे कूलरशिवाय चालत नाही आणि अलीकडे घाटावरही तो घरोघरी आला आहे. लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात विजेचा पंप. यापेक्षा धोक्याची जोडणी घरात दुसरी नसेल. तीन पिनांचा प्लग दोन भोकांच्या बोर्डात बसत नाही म्हणून अर्थिंगची तार कापून टाकलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. ती तार म्हणजे जीव वाचवणारी तार. पाणी भरताना, गवताच्या जाळ्या बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून हातात घ्यावा. मुलांना कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम देऊ नये. घराला अर्थ गळती झाली की वीज तोडणारे उपकरण वायरमनकडून बसवून घ्यावे, हा खर्च मी चैनीत धरत नाही. कोणी चिकटलेच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने बाजूला करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहा, मदत येईपर्यंत.

याच कूलरच्या टाकीत, आणि पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे भरून ठेवलेल्या ड्रम-हौदांत, डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी करून उपयोग नाही. अंडी कडांना चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. ब्रशने घासावी लागते. हे काम मात्र मुलांना खुशाल द्यावे, प्लग काढून.

चुन्याविषयी थोडे. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो उकळतो, शिंतोडे उडतात. डोळ्यात गेलेला चुना बुबुळ जाळत खोल जातो. तंबाखूसोबत मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या मुले खेळताना दाबतात, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. असे डोळे गेलेली मुले नेत्रतज्ज्ञांना दरवर्षी पाहावी लागतात. चुना गेला तर तूप नको, दूध नको, नुसते स्वच्छ पाणी, तेही लगेच आणि किमान अर्धा तास. पापणी उलटून आतले कण धुऊन काढावेत, मगच डॉक्टरकडे निघावे. रंगकामातले टर्पेंटाइन थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतले द्रव्य नव्हे. कोणी प्यायलेच तर उलटी करवू नये, ते फुफ्फुसात उतरते.

राहिले ऊन. परसातली कामे सकाळी दहापूर्वी किंवा सायंकाळी साडेपाचनंतर. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, मीठ घातलेले ताक, पन्हे. काम करताना मूल चिडचिडे झाले, बरळू लागले, अंग तापले तर ती साधी दमणूक नव्हे, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून पंख्याने वारा घाला आणि तसेच वारा घालत रुग्णालयात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उतार देत नाही.

आणि परसात पाण्याचा हौद असेल तर काम सुरू करण्यापूर्वी त्यावर झाकण टाका. दोन-तीन वर्षांचे मूल अर्ध्या बादलीतही बुडू शकते, तेही आवाज न करता, आपण चार पावलांवर आळे खणत असताना.